नऊ व्होल्टांची मैफल

पेपरमिंटच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. झाकण उघडलं की आत गोळ्यांऐवजी नऊ व्होल्टांची चौकोनी बॅटरी, आठ पायांची एक आयसी, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, आवाज कमी-जास्त करायची चकती आणि दोन सॉकेट. एका सॉकेटला सीडी प्लेअर जोडायचा, दुसऱ्याला हेडफोन. १९९०च्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा हेडवाइज या आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला केला आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरोघरी सोल्डरिंग करून बनवला. अल्टॉइड्स या गोळ्यांचा डबा नेमक्या मापाचा निघाला, पत्र्यामुळे बाहेरची विजेची घरघरही आत शिरत नाही, म्हणून तो डबाच या यंत्राची ओळख झाला. लोक त्याला 'सीमॉय' म्हणतात. खिशात मावणाऱ्या हेडफोन अ‍ॅम्पची गोष्ट सांगायची तर मी इथूनच सुरुवात करतो. दुकानात आज काचेच्या कपाटात ठेवलेली हजारो रुपयांची यंत्रं जे काम करतात, तेच हा डबा करतो, आणि काय करतो ते त्यात उघड्या डोळ्यांनी बघता येतं.

मी पाहिलेला सीमॉय मात्र गोळ्यांच्या डब्यात नव्हता, शाळेच्या कंपासपेटीत होता. माझे एक स्नेही इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं तो बनवून त्यांना दिलेला. बॅटरी आत बसवल्यावर पेटीचं झाकण जेमतेम लागत होतं. सरांनी ते उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि पेन्सिलीच्या टोकानं एकेक भाग दाखवत गेले. सिग्नल आत येतो तो ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून. त्याच्यामागे १०० किलोओमचा रेझिस्टर. या जोडीमुळे १६ हर्ट्झच्या खालचं सगळं अडत जातं. आपल्याला ऐकू येणारं त्यात काही जात नाही, पण आधीच्या यंत्रातून गळणारा डीसी हेडफोनच्या नाजूक पडद्यापर्यंत पोचत नाही. पुढे बर-ब्राउनची आयसी, ओपीए २१३४. तिच्या भोवतीचे दोन रेझिस्टर, एक दहा किलोओमचा आणि एक एक किलोओमचा, मिळून अकरा पट वाढ ठरवतात. आणि बॅटरीच्या अंगाला या आराखड्यातली सगळ्यात सुंदर युक्ती: बॅटरी एकच आहे, पण आवाजाची लहर तर शून्याच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे हलते. म्हणून ४.७ किलोओमचे दोन रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लावून बॅटरीच्या बरोबर मधोमध, साडेचार व्होल्टांवर, एक कृत्रिम शून्य उभं केलेलं.

"या पेटीत पोरानं एकच गोष्ट अवघड करून ठेवली होती," सर म्हणाले. "सॉकेटचं कडं या कृत्रिम शून्याला जोडलेलं असतं, बॅटरीच्या ऋण टोकाला नाही. पेटी पत्र्याची. सॉकेट पेटीला टेकतं, म्हणजे आख्खी पेटी साडेचार व्होल्टांवर. आता बॅटरीची ऋण बाजूची तार कुठेतरी पत्र्याला घासली की संपलं. आत बघा." पेटीच्या तळाला जाड पुठ्ठा चिकटवलेला होता आणि सॉकेटांभोवती प्लॅस्टिकच्या चकत्या. एवढ्याशा जागेत किती विचार करावा लागतो हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

हे सगळं कशासाठी, हा प्रश्न फोनवर गाणी ऐकणाऱ्या कुणालाही पडेल. फोनला हेडफोन लावले की आवाज येतोच की. येतो, पण पुरेसा येतो का हे हेडफोनवर अवलंबून आहे. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा हेडफोन आजही बाजारात आहे आणि स्टुडिओतही वापरला जातो. त्याचा रोध ३०० ओम. त्याला एक व्होल्ट दिला तर त्याच्या पदरी साडेतीन मिलिवॅटसुद्धा पडत नाहीत. तोच एक व्होल्ट ३२ ओमच्या साध्या हेडफोनला ३१ मिलिवॅट देतो. म्हणजे जास्त ओमच्या हेडफोनला जास्त व्होल्ट हवेत, कमी ओमच्या हेडफोनला व्होल्ट कमी चालतात पण करंट भरपूर लागतो. खिशातल्या अ‍ॅम्पचं निम्मं काम एवढंच: व्होल्ट द्यायचे, आणि मागितला तेवढा करंट द्यायचा.

सीमॉयचं बळ आणि मर्यादा दोन्ही याच हिशोबात आहेत. नऊ व्होल्टांच्या बॅटरीतून तो सव्वादोन व्होल्टांच्या आसपास देऊ शकतो. एचडी ६०० ला तेवढं पुष्कळ झालं. पण तेच व्होल्ट ३२ ओमच्या हेडफोनवर टाकायचे तर जवळपास ७० मिलिअँपिअर करंट लागतो, आणि लहरीच्या टोकाला शंभराच्या घरात. ही आयसी त्याच्या निम्म्यालाच हात टेकते. शिवाय दोन्ही कानांचा परतीचा करंट त्या बिचाऱ्या दोन रेझिस्टरांच्या कृत्रिम शून्यावरच येऊन पडतो. कंपासपेटीला ३२ ओमचा हेडफोन लावून मी 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकलं. शिवकुमार शर्मांच्या संतूरचे हलके आघात छान मोकळे आले. पण आवाज वाढवला आणि तबला भरात आला, तसं डग्ग्याच्या घुमाऱ्याला एक कोरडी किनार येऊ लागली, घुमारा घुमायच्या आतच कापल्यासारखा. त्याच आवाजाला एचडी ६०० लावला तर किनार गायब.

हल्ली हा प्रश्न वेगळ्या अंगानं घरात शिरला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलनं आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि पाठोपाठ इतरांनीही. तेव्हापासून फोनला शेपटीसारखं लटकणारं डोंगल आलं. डोंगल म्हणजे दुसरंतिसरं काही नाही: अंकांतून पुन्हा आवाजाची लहर बनवणारा डॅक आणि त्याच्या पोटातला नखाएवढा हेडफोन अ‍ॅम्प. जगात आजवर सगळ्यात जास्त खपलेले हेडफोन अ‍ॅम्प बहुधा हेच असतील, आणि ते विकत घेणाऱ्याला आपण अ‍ॅम्प घेतोय हे ठाऊकही नसतं. ॲपलचं यूएसबी-सी डोंगल अमेरिकेत नऊ डॉलरला मिळतं. एक व्होल्ट देतं, त्याचा स्वतःचा रोध ओमभर, आणि मोजून पाहणाऱ्यांनी त्याचं वारंवार कौतुक केलं आहे. मात्र अनेक अँड्रॉइड फोनना लावलं तर तेच डोंगल अर्ध्या व्होल्टावर अडकतं, कारण फोन त्याच्या आतला आवाज पूर्ण उघडतच नाही. युरोपात विकलं जाणारं तर मुळातच अर्ध्या व्होल्टाचं आहे.

अर्धा व्होल्ट म्हणजे एचडी ६०० ला एक मिलिवॅटसुद्धा नाही. आजच्या चित्रपटगीताला तेवढं चालून जातं, कारण ती गाणी तयार करतानाच आवाज काठोकाठ भरलेला असतो. आपल्या शास्त्रीय संगीताचं तसं नाही. ख्यालाच्या सुरुवातीचा आलाप आणि द्रुताच्या शेवटची तिहाई यांच्यामध्ये ध्वनीची मोठी दरी असते. चांगल्या ध्वनिमुद्रकानं ती दरी तशीच ठेवलेली असते आणि मग आलापाची सरासरी पातळी आजच्या गाण्यापेक्षा १२ डेसिबलनं सहज खाली असते. ती भरून काढायला चौपट व्होल्ट लागतात. म्हणून आपल्याकडच्या ख्याल-ठुमरीच्या श्रोत्याला हा प्रश्न पॉप ऐकणाऱ्यापेक्षा आधी भेटतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रणं फोनवर ऐकताना चकती शेवटाला टेकली तरी गवई लांब बसल्यासारखा का वाटतो, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. फोन वाईट नसतो, गवईही दूर नसतो, व्होल्ट संपलेले असतात.

आता ऐकण्याबद्दल. छोट्या अ‍ॅम्पबद्दल लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे. एकाचा आवाज 'उबदार', दुसऱ्याचा 'कोरडा', तिसऱ्यात 'वाद्यांमधली हवा' जाणवते. असं लिहिणारी माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना तसं ऐकू आलेलं असतं. पण त्यांनी दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज एका पातळीवर आणला होता का, हा कळीचा प्रश्न आहे, आणि तो सहसा विचारलाच जात नाही. दोन अगदी सारख्या आवाजांपैकी एक जरासा मोठा असेल तर आपल्या कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो: भरीव, मोकळा, स्पष्ट. शिवाय मंद आवाजात कानाला खर्ज आणि तार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून ठेवलं आहे. म्हणजे एका अ‍ॅम्पची चकती केसभर पुढे गेली तरी त्याचा खर्ज जास्त घुमतो आणि लेखणी चालू लागते.

सरांकडे यावर साधा उपाय होता. दोन अ‍ॅम्प, दोन्हींना एकाच यंत्रातून सिग्नल, आणि मध्ये बटण असलेली एक लाकडी पेटी. बटण दाबलं की हेडफोन या अ‍ॅम्पवरून त्या अ‍ॅम्पवर. आधी एक सलग सूर वाजवायचा, हेडफोन जोडलेला ठेवूनच मल्टिमीटर लावायचा आणि दोन्हींचे व्होल्ट सारखे करायचे. सूर १०० हर्ट्झचा घ्यायचा, कारण स्वस्त मल्टिमीटर उंच सुरावर चुकीचा आकडा दाखवतात. एका डेसिबलच्या दहाव्या भागापर्यंत जुळवायचं तर २०० मिलिव्होल्टमध्ये फार तर दोन मिलिव्होल्टांचा फरक चालतो. चकतीला नुसता श्वास लागला तरी तो आकडा हलतो. हे झालं की सर दोन्ही अ‍ॅम्पवर टॉवेल टाकायचे, बटण स्वतःच्या हातात घ्यायचे, मला पाठ करून बसवायचे आणि म्हणायचे, "हं, आता सांगा. बदललं का?"

कानात प्राण आणून ऐकणं म्हणजे काय ते त्या खुर्चीत कळतं. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला होता, 'सहेला रे'. ही बंदिश मी अनेक वर्षं ऐकतो आहे, तरी त्या दिवशी बंदिशीकडे लक्षच नव्हतं. लक्ष होतं ते सुरामागच्या तानपुऱ्याकडे. अ‍ॅम्पची खरी परीक्षा मला तिथे वाटते. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या तारेतून मूळ सुरावर उपसुरांचा जो सतत उलगडणारा धागा निघतो, तो बारीक असतो आणि गायिकेचा आवाज वर चढला की सहज झाकला जातो. अ‍ॅम्पमध्ये विकृती असेल तर ती नेमकी तिथे मिसळते आणि जवारी नुसती झणझणीत होते, उलगडत नाही.

त्या टॉवेलाखाली एका बाजूला चॉर्डचा मोजो होता आणि दुसऱ्या बाजूला ओ-टू. दोघांची घराणी वेगळी. मोजो २०१५ मधला, इंग्लंडमधल्या केंटचा. तळहातात मावणारा काळा ठोकळा, त्यावर तीन गोल गोट्या. त्यांचा रंग आवाजाच्या पातळीप्रमाणे आणि येणाऱ्या फाइलच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. बाजारात आला तेव्हा किंमत ३९९ पौंड. रॉब वॉट्स या त्याच्या रचनाकारानं तयार डॅक चिप न वापरता एफपीजीए नावाच्या, हवं तसं घडवता येणाऱ्या चिपमध्ये स्वतःचं गणित भरलं आहे. ओ-टूमध्ये डॅक नाहीच, तो नुसता अ‍ॅम्प आहे. म्हणून मोजोला डॅक म्हणून वापरायचं, त्यातला सिग्नल ओ-टूला द्यायचा आणि मोजोचा थेट आवाज एका बाजूला, ओ-टूमधून आलेला दुसऱ्या बाजूला, अशी तुलना लावली. एचडी ६०० वर, पातळी जुळवल्यावर, मला फरक सांगता आला नाही. सरांनाही नाही. मी कधी ठामपणे 'हा मोजो' म्हणायचो आणि सर टॉवेल उचलून दाखवायचे. माझे अंदाज नाणं उडवल्याइतकेच बरोबर येत होते.

यावरून मोजो फुकट आहे असा अर्थ कुणी काढू नये. तो डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही आहे, बॅटरी आत आहे, दोन हेडफोन एकदम लावता येतात आणि हातात घेतल्यावर वस्तू म्हणून त्याचं सुख वेगळं आहे. पण ओ-टूनं त्याच्या सिग्नलमध्ये काही मिसळलं नाही आणि त्यातून काही गाळलंही नाही, हे मला फार मोठं वाटतं.

ओ-टूची कहाणी या सगळ्या क्षेत्रातली सगळ्यात विलक्षण आहे. २०११ मध्ये स्वतःला 'एनडब्ल्यूएव्हीगाय' म्हणवणारा एक माणूस इंटरनेटवर अ‍ॅम्पच्या मोजमापांबद्दल लिहू लागला. महागड्या यंत्रांचे आकडे तो हजारो डॉलरच्या उपकरणांवर मोजायचा आणि जे निघेल ते परखडपणे छापायचा. लोक म्हणाले, टीका सोपी असते, करून दाखवा. त्यानं ऑब्जेक्टिव्ह टू, म्हणजे ओ-टू, करून दाखवला आणि पूर्ण आराखडा, पार्ट्सची यादी, मोजमापं सगळं खुलं केलं. लहान कंपन्यांनी तो बनवून विकला तरी त्याची हरकत नव्हती, फक्त आराखडा बदलायचा नाही. त्यातून त्यानं एक पैसा घेतला नाही. २०१२ च्या मध्याला तो एकाएकी लिहायचा थांबला. त्याचं नाव, गाव, चेहरा आजवर कुणाला कळलेलं नाही. आयईईई स्पेक्ट्रम या अभियंत्यांच्या नियतकालिकानं २०१४ मध्ये त्याच्यावर लेख छापला, तोही 'नाहीसा झालेला माणूस' म्हणूनच.

त्याच्या आराखड्यात सीमॉयच्या प्रत्येक दुखण्यावर औषध आहे. बॅटऱ्या दोन, त्यामुळे शून्य खरंखुरं, उसनं आणलेलं नाही. हेडफोनला करंट देणाऱ्या आयसी एनजेएम ४५५६, एकेका कानासाठी एक, तिच्या आतले दोन्ही अ‍ॅम्प समांतर. या आयसी मिरवण्यासारख्या नाहीत, काही रुपयांत मिळतात, आणि हौशी लोक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. आवाजाची चकती अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यानंतर लावली आहे, त्यामुळे आवाज कमी केला की त्या टप्प्याची खरखरही कमी होते. एक बॅटरी दुसरीच्या आधी बसली तर हेडफोनला डीसीचा फटका बसू नये म्हणून दोन्ही एकदम बंद करणारा पहारेकरी आहे. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं? वाढ किती ठेवायची याचा निर्णय. सीमॉयची अकरा पट वाढ जुन्या, कमी व्होल्टांच्या यंत्रांसाठी ठीक होती. आजच्या फोनला किंवा डॅकला ती अतोनात होते. चकती जेमतेम हलवली की कानठळ्या, म्हणजे आयुष्यभर ती सुरुवातीच्या पावघेऱ्यातच फिरणार, आणि स्वस्त चकतीच्या नेमक्या त्याच भागात डाव्या-उजव्या कानांची पातळी सारखी नसते. गायक अर्धा डाव्या कानाकडे सरकून बसतो. ओ-टूमध्ये अडीच आणि साडेसहा पट असे दोन पर्याय आहेत, आणि अडीच बहुतेकांना पुरते.

हेडफोन बदलला की मात्र चित्र पालटलं. कानात घालायचे जे महागडे इयरफोन असतात, त्यांच्यातल्या काहींच्या पोटात एकेका कानासाठी तीन, चार, पाच सूक्ष्म ड्रायव्हर असतात. खर्जाला एक, मध्याला एक, तारेला एक. यांचा रोध सुराप्रमाणे बदलतो, एका सुरावर १६ ओम तर दुसऱ्यावर ६४. आता अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध १० ओम असेल तर काय होतं? पंगतीत वाढप्याचा हात आखडता असला की जास्त खाणाऱ्याच्याच पानात आधी कमी पडतं, तसं १६ ओमच्या सुराला चार डेसिबलचा तोटा होतो आणि ६४ ओमच्या सुराला सव्वा डेसिबलचा. तीन डेसिबलचा हा उंचसखलपणा कुणालाही ऐकू येतो, बटणाची पेटी न वापरताही. अ‍ॅम्पचा रोध एक ओम असला तर तोच फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत येतो. ज्याला आपण 'या अ‍ॅम्पचा स्वभाव' म्हणतो तो अनेकदा हा असतो. गंमत म्हणजे आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६१९३८ क्रमांकाच्या मानकानं एकेकाळी हेडफोनसाठी १२० ओमचा रोध धरला होता. जुन्या मोठ्या अ‍ॅम्पवर एचडी ६०० लावला तर खर्ज जरा फुगीर का वाटतो, याचं कारण त्यात आहे: या हेडफोनचा रोध खर्जाच्या एका टप्प्यात ५०० ओमच्या वर जातो आणि १२० ओमच्या अ‍ॅम्पकडून त्या टप्प्याला वाटा जास्त मिळतो. पुष्कळांना तो फुगीरपणा आवडतो. भीमसेनजींच्या खर्जातल्या आवाजाला तो शोभूनही दिसतो, हे मी मान्य करतो. तो हेडफोन आणि अ‍ॅम्प यांच्या जोडीचा गुण आहे, एकट्या अ‍ॅम्पचा नाही.

अशा संवेदनशील इयरफोनांवर दुसरी गोष्ट उघडी पडते ती सूऽऽ असा बारीक आवाज. कॅम्पफायरच्या अँड्रोमेडा या इयरफोनचा रोध १२.८ ओम आणि संवेदनशीलता एवढी की शांत वाटणारे अ‍ॅम्पही त्यावर बोलू लागतात. मी ऐकलेल्या एका छोट्या चिनी अ‍ॅम्पचा (नाव लिहीत नाही, पुढच्या आवृत्तीत सुधारणा झाली असेल) आवाज गाण्यात गोड होता, पण गाणं थांबलं की मागे पावसाची रिपरिप राहायची. हा दोष डोळे झाकूनही, पातळी जुळवूनही, दर वेळी अचूक ओळखता येत होता. गीतरामायणाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर मात्र तो जाणवतच नाही. तिथे टेपची स्वतःचीच खरखर त्याच्या कितीतरी वर असते.

गीतरामायणावरून आठवलं ते क्रॉसफीड. हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज फक्त डाव्या कानाला जातो. खोलीत स्पीकरसमोर बसलो तर तसं होत नाही. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, जरा उशिरा आणि जरा बोथट होऊन, कारण मध्ये आपलं डोकं आहे. बेंजामिन बॉवर यांनी १९६१ मध्ये एका शोधनिबंधात हेच हेडफोनसाठी विजेच्या मार्गानं करायचं सर्किट मांडलं. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७१ मध्ये त्यात भर घातली. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेत माँटाना राज्यातल्या बोझमन गावी टिल हर्टसेन्स यांच्या हेडरूम कंपनीनं अ‍ॅम्पमध्ये याचं बटणच दिलं. हर्टसेन्स हे या छंदातलं मोठं नाव. नंतर त्यांनी शेकडो हेडफोन मोजून त्यांचे आलेख लोकांपुढे ठेवले.

बटणाचा परिणाम ऐकायचा तर बीटल्सची १९६५ सालची 'रबर सोल' स्टिरिओ आवृत्ती घ्यावी. गाणारे एका कानात, वाद्यं दुसऱ्या कानात. हेडफोनवर काही मिनिटांत डोकं भणभणतं. क्रॉसफीड चालू केलं की दोन्ही बाजू एकमेकांकडे सरकतात आणि कपाळावरचा ताण उतरतो. एवढा स्पष्ट, एवढा उपयोगी फरक मला महागड्या आणि स्वस्त अ‍ॅम्पमध्ये कधीच ऐकू आला नाही. पण आपल्या संग्रहातल्या मोठ्या हिश्श्याला त्याचा काही फायदा नाही. सवाई गंधर्वांच्या ७८च्या तबकड्या असोत की १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं प्रसारित केलेल्या गीतरामायणाचं मुद्रण, ते मोनो आहे, दोन्ही कानांत एकच. गाणारा डोक्याच्या मधोमध बसतो, आणि क्रॉसफीडनं तो तिथून हलत नाही. हे मला खटकतं. आपल्या जुन्या मोनो ठेव्यासाठी, गाणाऱ्याला निदान हातभर पुढे बसवणारं एखादं साधं सर्किट छोट्या अ‍ॅम्पमध्ये का असू नये? कोणी हौशी अभियंता हे वाचत असेल तर त्यानं हे मनावर घ्यावं. हेडफोनवर मोनो ऐकणारे आपण संख्येनं थोडे नाही.

अलीकडे ४.४ मिलिमीटरच्या जाड, पाच कड्यांच्या 'बॅलन्स्ड' पिनचं वारं आहे. सोनीनं २०१६ मध्ये ती आपल्या यंत्रांत आणली. एका कानाला दोन अ‍ॅम्प उलटसुलट जोडले की व्होल्ट दुप्पट होतात आणि हिशोबानं शक्ती चौपट. ३०० ओमच्या हेडफोनला आणि छोट्या बॅटरीला हे खरोखर कामाचं आहे. पण दुकानात ज्या 'बॅलन्स्ड आवाजा'चं कौतुक ऐकू येतं त्यातला मोठा भाग पुन्हा तोच: पिन बदलली की आवाज सहा डेसिबलनं वाढतो, आणि कुणी चकती मागे घेत नाही.

या दिवाळीत कुणी असं यंत्र घ्यायच्या विचारात असेल तर मी त्याला आधी हेडफोनच्या खोक्यावरचा ओमचा आकडा वाचायला सांगेन. २५० किंवा ३०० असेल तर अ‍ॅम्प हवाच, आणि ओ-टूसारखा साधा अ‍ॅम्प किंवा दोन व्होल्ट देणारं डोंगल पुरेल. ऑडिओक्वेस्टचं ड्रॅगनफ्लाय रेड त्यातलंच, २.१ व्होल्टांचं. अनेक ड्रायव्हरांचे इयरफोन असतील तर शक्ती बघू नये, अ‍ॅम्पचा रोध एक ओमच्या आसपास आहे का आणि गाणं थांबल्यावर मागे सूऽऽ येतो का एवढंच बघावं. दुकानात गाणं न लावता चकती पूर्ण फिरवून दोन मिनिटं ऐकलं की कळतं, फक्त गाणं सुरू करण्याआधी चकती मागे घ्यायची. हातानं काही करायची आवड असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जाऊन सीमॉयचे पार्ट्स आणावेत. वाढीचा रेझिस्टर दहाऐवजी दोन किलोओमचा घालावा म्हणजे वाढ तीन पट होते, आणि आयसी ओळखीच्या दुकानातूनच घ्यावी, कारण नावाजलेल्या आयसींच्या नकला बाजारात असतात. कानांची काळजी हवी असेल त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं मानक आहे: मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. अ‍ॅम्पमध्ये शक्ती शिल्लक असते ती आलाप नीट ऐकण्यासाठी, पूर्ण वापरून टाकण्यासाठी नव्हे. आणि घरात कॉसचा पोर्टा प्रो असेल, १९८४ पासून चालत आलेला, ६० ओमचा, फोनच्या साध्या डोंगलवरही मोकळेपणानं गाणारा, तर अ‍ॅम्पसाठी ठेवलेले पैसे ध्वनिमुद्रणांवर खर्च करावेत.